गोळीला गोळी भेटते तेव्हा

1963 साली बॅरी ब्लॅकवेल हा तरुण डॉक्टर लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात मानसोपचाराचं शिक्षण घेत होता. नैराश्यावर ट्रॅनिलसिप्रोमीनची गोळी घेणाऱ्या काही रुग्णांचं डोकं अचानक असह्य दुखू लागतं, रक्तदाब भडकतो, एखाद्याच्या मेंदूत रक्तस्रावही होतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याबद्दल त्यानं 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. ते वाचून नॉटिंगहॅमच्या एका फार्मासिस्टनं त्याला पत्र पाठवलं. त्याच्या बायकोला हीच गोळी चालू होती आणि चीज खाल्लं की तिचं डोकं असंच ठणकायचं. चीजमधल्या कशाशी तरी या गोळीचं वाकडं असेल का, अशी त्याची शंका होती. पत्रावर आधी हसणंच झालं. मग असे झटके आलेल्यांनी त्याआधी काय खाल्लं होतं याची चौकशी सुरू झाली, तेव्हा उत्तर वारंवार एकच येऊ लागलं: चीज.

उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. मुरवलेल्या चीजमध्ये टायरामीन नावाचा पदार्थ असतो. आतड्यात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम त्याचा परस्पर निकाल लावतं, त्यामुळे एरवी तो निरुपद्रवी ठरतो. नैराश्यावरची ती गोळी नेमकं हेच एन्झाइम बंद पाडत होती. मग टायरामीन थेट रक्तात पोहोचायचं आणि रक्तदाब उसळी मारायचा. आपल्याकडचं पनीर ताजं असतं, मुरवलेलं नसतं, त्यामुळे त्याच्यावर हा आरोप येत नाही. औषध चांगलं होतं, चीजही चांगलं होतं, बिघाड दोघांच्या भेटीत होता.

नैराश्याची दोन-तीन औषधं एकत्र चालू असलेल्या माणसाला, आणि त्याच्यापेक्षा त्याच्या घरच्यांना, एक प्रश्न हमखास छळतो: इतक्या गोळ्या कशाला? 'मेडिकल'मधून आलेल्या पिशवीत मनाच्या दोन, झोपेची एक, बीपीची एक, ॲसिडिटीची एक, गुडघ्याची एक अशा स्ट्रिपा निघतात. मोजदाद केली की छातीत धस्स होतं. पण आकडा फसवा असतो. पाच गोळ्या एकमेकींच्या वाटेला न जाता वर्षानुवर्षं सुखानं नांदू शकतात आणि दोनच गोळ्या माणसाला अतिदक्षता विभागात पोहोचवू शकतात. कोणती गोळी कशासाठी आहे, ती कोणत्या दुसऱ्या गोळीच्या आड येते आणि सगळी यादी एकत्र कोणी पाहिली आहे का, हे कळल्याशिवाय नुसत्या मोजणीतून काहीच हाती लागत नाही.

दोन गोळ्यांची भेट किती महाग पडू शकते, याचं वैद्यकातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. 4 मार्च 1984 च्या रात्री लिबी झायन ही अठरा वर्षांची विद्यार्थिनी ताप आणि अस्वस्थपणा घेऊन रुग्णालयात दाखल झाली. नैराश्यासाठी तिला फेनेलझीन चालू होतं. ब्लॅकवेलच्या रुग्णांच्या गोळीचीच ही बहीण. अंगाला सुटलेली थरथर थांबावी म्हणून तिला पेथिडिनचं इंजेक्शन दिलं गेलं. अस्वस्थपणा वाढत गेला, तिला पलंगाला बांधण्यात आलं, ताप जिवावर बेतेल इतका चढला आणि सकाळी ती गेली. तिच्या मृत्यूच्या कारणावर न्यायालयात बरीच वर्षं वाद झाले, पण फेनेलझीन आणि पेथिडिन यांच्या संयोगाकडे आज बहुतेक डॉक्टर बोट दाखवतात. तिचे वडील सिडनी झायन पत्रकार होते, ते गप्प बसले नाहीत. थकलेले, झोप न मिळालेले निवासी डॉक्टर रात्रीचे निर्णय घेतात, हा मुद्दा त्यांनी लावून धरला. त्यातून 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्यानं निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला 80 तासांची मर्यादा घातली. कायदा झोपेबद्दल झाला, पण घटनेच्या मुळाशी औषधांची यादी होती.

या संयोगातून जे घडतं त्याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. नैराश्यावरची बहुतेक औषधं मेंदूत सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचा मुक्काम लांबवतात. पण सेरोटोनिन वाढवणारी औषधं फक्त मानसोपचारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवरच नसतात. कंबरदुखीसाठी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेलं ट्रॅमाडॉल त्यातलंच. कोरड्या खोकल्याच्या कितीतरी सिरपांमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन त्यातलंच. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपातली वनस्पती अमेरिकेत चिठ्ठीशिवाय दुकानात मिळते आणि तिकडच्या मुलाच्या बॅगेतून पुण्या-नाशकात आईवडिलांपर्यंत पोहोचते. 'नैसर्गिक आहे, त्रास नाही' या लेबलावर विश्वास ठेवून ती एस्सिटॅलोप्राम या नैराश्याच्या गोळीसोबत घेतली, तर सेरोटोनिन वाढवणारी दोन औषधं एकत्र येतात. शिवाय ही वनस्पती यकृतातली एन्झाइम्स जोमानं कामाला लावते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन किंवा किडनी बदललेल्या रुग्णाचं सायक्लोस्पोरिन यांची रक्तातली पातळी घसरते.

हातपाय थरथरणं, दरदरून घाम, धडधड, जुलाब, बाहुल्या मोठ्या होणं, पाऊल वर ढकललं की घोट्याला बसणारे लयबद्ध झटके, आणि गंभीर अवस्थेत ताप व स्नायूंचा ताठरपणा ही सेरोटोनिन सिंड्रोमची लक्षणं. बहुतेक वेळा नवं औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर चोवीस तासांच्या आत ती दिसू लागतात. हे वेळेचं गणित महत्त्वाचं आहे, कारण घरचे लोक या थरथरीला 'टेन्शन' समजून झोपेची आणखी एक गोळी देऊन मोकळे होतात. अशा वेळी दवाखान्यात धावायचं आणि सोबत सगळ्या स्ट्रिपा न्यायच्या. सेरोटोनिनवाली दोन औषधं एकत्र दिसली की झालाच घात, असं मात्र नाही. हजारो रुग्ण अशी जोडी योग्य मात्रेत घेतात आणि त्यांना काही होत नाही. सर्वाधिक भीती मोनोअमाइन ऑक्सिडेज बंद करणाऱ्या औषधाच्या जोडीची.

तो गट तर आता इतिहासजमा झालाय, भारतात नैराश्यासाठी तो क्वचितच कोणी देतो, असं कोणी म्हणेल. खरंय. पण हा गट मागच्या दारानं परत आला आहे आणि ते दार क्षयरोगाचं आहे. गंमत म्हणजे तो मुळात आलाही तिथूनच होता. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड हे नवं औषध क्षयरोग्यांना देऊन पाहिलं जात होतं. मरणाची वाट पाहणारे रुग्ण एकाएकी खुशीत आले, त्यांची भूक वाढली, वॉर्डात ते नाचत असल्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकली. पुढे 1957 मध्ये नेथन क्लाइन यांनी हेच औषध नैराश्यावर वापरून दाखवलं आणि मोनोअमाइन ऑक्सिडेज बंद करणाऱ्या औषधांचं युग सुरू झालं.

आज औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर लिनेझोलिड हे प्रमुख अस्त्र आहे. ते प्रतिजैविक असलं तरी मोनोअमाइन ऑक्सिडेजला सौम्यपणे अडवतं. 2011 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सेरोटोनिनवाल्या गोळ्यांसोबत ते देण्याबद्दल जाहीर इशारा दिला. भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सप्टेंबर 2024 मध्ये बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता दिली. मुंबईसारख्या, दाद न देणाऱ्या क्षयाचा मोठा भार असलेल्या शहरात याचा अर्थ काय, ते पाहण्यासारखं आहे. महिनोन्‌महिने चालणारा आजार, सुटलेली नोकरी, घरात वेगळं ठेवलेलं ताट; अशा रुग्णाला नैराश्य येणं नवलाचं नाही. जुन्या उपचारातलं सायक्लोसेरिन तर स्वतःच नैराश्य आणि भास निर्माण करू शकतं. मग त्याला नैराश्याची गोळी द्यायची की नाही? दिली तर लिनेझोलिडशी गाठ. त्यात बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन दोन्ही हृदयाच्या ठोक्यातलं क्यूटी नावाचं अंतर लांबवतात आणि सिटॅलोप्राम, एस्सिटॅलोप्रामही तेच करतात. हे अंतर फार लांबलं तर ठोके जीवघेणे बिघडू शकतात. 2011 मध्येच सिटॅलोप्रामची कमाल मात्रा अमेरिकेत 40 मिलिग्रॅमवर आणली गेली आणि साठीच्या वरच्यांसाठी 20 मिलिग्रॅमवर. म्हणून ईसीजी काढून, गोळी निवडून, लक्षणांवर डोळा ठेवून वाट काढावी लागते. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयातला डॉक्टर आणि रुग्णाच्या गल्लीतला मानसोपचारतज्ज्ञ यांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचल्या तरच हे शक्य आहे.

इतका धोका आहे तर एकापेक्षा जास्त औषधं द्यायचीच कशाला? कारण एक पुरत नाही. अमेरिकेत नैराश्याच्या सुमारे 4,000 रुग्णांना टप्प्याटप्प्यानं उपचार देऊन पाहणारा 'स्टार-डी' नावाचा मोठा अभ्यास झाला. 2006 च्या सुमारास त्याचे निष्कर्ष आले. पहिल्या गोळीनं, म्हणजे सिटॅलोप्रामनं, पूर्ण आराम पडलेले रुग्ण जेमतेम एक तृतीयांश. बाकीच्यांना गोळी बदलून किंवा तिला दुसरीची जोड देऊन पुढे जावं लागलं. चार टप्प्यांनंतर एकूण 67 टक्के बरे झाले, असा आकडा तेव्हा सांगितला गेला आणि तो पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. 2023 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हीच माहिती मूळ आराखड्याच्या निकषांनी पुन्हा तपासली, तर आकडा 35 टक्क्यांवर आला. दोन्ही गटांचा वाद अजून मिटलेला नाही. पण आकडा कोणताही धरला, तरी पहिल्या गोळीनं पूर्ण बरा न होणारा रुग्ण हा अपवाद नाही, तो नियमच आहे, एवढं कबूल करावं लागतं.

जोड देण्याचे काही प्रकार भक्कम पुराव्यावर उभे आहेत. 1981 मध्ये कॅनडातल्या माँट्रियलमध्ये क्लोद द माँतिग्नी आणि सहकाऱ्यांनी, दाद न देणाऱ्या नैराश्यात आधीच्या गोळीला लिथियम जोडल्यावर रुग्ण झपाट्यानं सुधारतात असं मांडलं. ती पद्धत आजही वापरात आहे. 2007 पासून अमेरिकेत ॲरिपिप्राझोलला जोडगोळी म्हणून मान्यता आहे. माजी सैनिकांवरच्या 'व्हास्ट-डी' या 2017 सालच्या अभ्यासात 1,522 जण होते. गोळी बदलून बुप्रोपिऑन दिलेल्यांपैकी बारा आठवड्यांत 22 टक्के पूर्ण बरे झाले, बुप्रोपिऑनची जोड दिलेल्यांपैकी 27 टक्के आणि ॲरिपिप्राझोलची जोड दिलेल्यांपैकी 29 टक्के. फायदा आहे, पण तुताऱ्या वाजवाव्यात एवढा नाही. त्यात ॲरिपिप्राझोलमुळे वजन वाढणं आणि एका जागी स्वस्थ बसता न येणं, हे त्रास जास्त दिसले. बायपोलर आजाराच्या नैराश्यात तर नुसत्या नैराश्याच्या गोळीवर माणूस उन्मादात जाऊ शकतो, म्हणून तिथे मूड स्थिर ठेवणारं दुसरं औषध सोबत असणं हाच शहाणपणा.

काही जोड्या मात्र रूढीनं चालतात. चालू गोळीला मिर्टाझापीन जोडायचं, ही मानसोपचारातली लाडकी युक्ती. रसायनशास्त्राच्या हिशेबानं ती अगदी चपखल बसते. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांकडच्या 480 रुग्णांवर तिची चाचणी झाली, 2018 मध्ये निकाल आला: खोट्या गोळीच्या तुलनेत ठळक फायदा नाही, त्रास मात्र जास्त. ज्याला मुळात झोप आणि भूक नाही अशा रुग्णाला मिर्टाझापीन उपयोगी पडतंच, त्यामुळे ते कचऱ्यात टाकायचं कारण नाही. पण 'दोन दिल्या म्हणजे दुप्पट गुण' हा हिशेब शरीराला मान्य नाही, एवढं त्यावरून दिसलं.

हा हिशेब बिघडवणारं एक ठिकाण म्हणजे यकृत. पोटातून आलेली औषधं पहिल्यांदा तिथे जातात आणि तिथली एन्झाइम्स त्यांचं रूपांतर करून वाटेला लावतात. ही एन्झाइम्स म्हणजे एखाद्या स्टेशनवरच्या तिकीटखिडक्या समजा. कुठली गोळी कुठल्या रांगेत उभी राहायची ते ठरलेलं. आता एका खिडकीसमोर नैराश्यावरचं पॅरोक्सेटीन किंवा फ्लुऑक्सेटीन ठाण मांडून बसलं की मागची सगळी रांग खोळंबते. खोळंबलेल्यांत रक्तदाबाचं मेटोप्रोलॉल असलं, तर त्याची रक्तातली पातळी वाढत जाते आणि नाडी वाजवीपेक्षा मंदावते. त्यात मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिलेलं ॲमिट्रिप्टिलीन असलं, तर तोंड सुकणं, लघवी अडणं, धडधड असं काहीतरी सुरू होतं. त्या खिडकीचं नाव सीवायपी2डी6. फ्लुवोक्सामीन दुसरीच खिडकी अडवतं, तिथे दम्याचं थिओफिलीन आणि स्नायू सैल करणारं टिझानिडीन अडकतं. टिझानिडीनबरोबर तर ते द्यायचंच नाही, असा स्पष्ट नियम आहे.

उलटं नुकसानही होतं, आणि ते जास्त कपटी असतं. काही औषधं खिडकीवरून गेल्याशिवाय कामाचीच होत नाहीत. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन त्यातलं. त्याचा खरा कर्ता असलेला एंडॉक्सिफेन हा पदार्थ मुख्यतः याच 2डी6 खिडकीवर तयार होतो. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना नैराश्य येतं, अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, आणि या दोन्ही त्रासांवर कधीकाळी पॅरोक्सेटीन सर्रास दिलं जायचं. 2010 मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या 2,430 बायकांच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टॅमॉक्सिफेनच्या काळात पॅरोक्सेटीन जितका जास्त काळ सोबत चालू होतं, तितका स्तनाच्या कर्करोगानं मृत्यूचा धोका जास्त दिसला. नंतरचे सगळे अभ्यास त्याला दुजोरा देत नाहीत, पण तज्ज्ञांनी धोका पत्करायचं नाकारलं. आता अशा रुग्णांना व्हेन्लाफॅक्सीन किंवा एस्सिटॅलोप्रामसारखी, ती खिडकी फारशी न अडवणारी गोळी निवडली जाते. नैराश्यावर उपचार करायचेच, फक्त गोळी बघून. 'मनाची कोणती गोळी चालू आहे?' हा प्रश्न कॅन्सरच्या ओपीडीत मोठ्यानं विचारायला हवा, कारण तिथे येणाऱ्या बऱ्याच बायका मनाच्या गोळीचा उल्लेख करायला लाजतात.

लाजेचा हा भाग आपल्याकडे औषधांच्या गुंत्याला थेट हातभार लावतो. मनाची गोळी लपवून ठेवायची, हृदयाच्या डॉक्टरांना सांगायचं नाही, दुसऱ्या पेठेतल्या मेडिकलमधून आणायची. बीपीच्या डॉक्टरांनी विचारलं तर 'बाकी काही चालू नाही.' परिणामी ज्या माणसाला यादीची सर्वांत जास्त गरज असते, त्याच्याच हातात अर्धी यादी पडते.

त्यात भारतीय बाजाराची एक खास करामत आहे: एका गोळीत दोन औषधं. एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेल्या गोळ्या शेकडो नावांनी विकल्या जातात. रुग्णाला वाटतं, आपल्याला एकच गोळी चालू आहे. प्रत्यक्षात त्याला नैराश्याचं एक आणि सवय लावू शकणारं एक, अशी दोन औषधं चालू असतात. सुरुवातीला अशा जोडीला आधार आहे. नैराश्याची गोळी लागू पडायला दोन-चार आठवडे लागतात, तोवर तगमग आणि जागरण सुसह्य व्हावं म्हणून क्लोनाझेपामसारखी बेंझोडायझेपीन गटातली गोळी देतात, आणि पहिल्या चार आठवड्यांत या जोडीचा फायदा दिसतो, असं अभ्यासांचा एकत्रित आढावाही सांगतो. त्यापुढे तो फायदा विरतो. पण गोळी एकच असल्यामुळे चार आठवड्यांनी अर्धी गोळी थांबवायची सोय राहत नाही. चिठ्ठी जुनी, मेडिकलवाला ओळखीचा, आणि महिन्यांची वर्षं होतात. मग कोणी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलं, तिथे झोपेसाठी आणखी एक क्लोनाझेपाम वेगळ्या नावानं मिळालं, की एकाच औषधाचा डबल डोस पोटात जातो. अशा वेळी ब्रँडच्या मोठ्या अक्षरांखाली छापलेली बारीक ओळ वाचायची असते. औषधाचं खरं नाव तिथे असतं.

अशा मिश्र गोळ्यांबद्दल सरकारनं काहीच केलं नाही, असं नाही. मार्च 2016 मध्ये 344 मिश्र औषधांवर बंदी आली, सप्टेंबर 2018 मध्ये 328 वर. मनाच्या औषधांपैकी फ्लुपेंटिक्सॉल आणि मेलिट्रासेनची मिश्र गोळी जास्त गाजली. मूळ कंपनी डेन्मार्कची, पण खुद्द डेन्मार्कमध्ये ती विकायला मान्यता नाही, याकडे संसदेच्या स्थायी समितीनं 2012 च्या अहवालात लक्ष वेधलं. पुढच्या वर्षी बंदी आली आणि मग प्रकरण कोर्टकचेऱ्यांत गेलं.

सर्वांत नाजूक हिशेब म्हाताऱ्या माणसांचा. तिथे एका गोळीचा त्रास हा नवा आजार समजून दुसरी गोळी दिली जाते आणि साखळी वाढत जाते. उदाहरणासाठी एक काल्पनिक आजी घ्या. नैराश्यासाठी व्हेन्लाफॅक्सीन सुरू होतं. त्यानं रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून अॅम्लोडिपीन येतं. अॅम्लोडिपीननं घोटे सुजतात, म्हणून लघवी वाढवणारी गोळी. ही गोळी आणि नैराश्याची गोळी, दोघी मिळून रक्तातलं सोडियम खाली आणतात. आजी गोंधळल्यासारख्या वागू लागतात, बाथरूममध्ये पडतात, आणि 'आईला विसरायला होतंय' म्हणून कोणीतरी स्मरणशक्तीची गोळी सुचवतं. यातला प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहे. सोडियमची तपासणी एवढ्या वेळात कोणीही सांगितली असती, तर साखळी तिसऱ्या कडीलाच तुटली असती. तशीच दुसरी जोडी गुडघेदुखीची. नैराश्याच्या बऱ्याच गोळ्या रक्तातल्या प्लेटलेट्सचा सेरोटोनिनचा साठा कमी करतात, त्यामुळे रक्त गोठणं किंचित मंदावतं. डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन पोटाचं अस्तर दुखावतं. दोन्ही एकत्र आली की पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता बरीच वाढते. शौचाचा रंग डांबरासारखा काळा दिसला, तर तो जांभळं खाल्ल्याचा परिणाम समजून सोडून द्यायचा नसतो.

लिथियमचं आणखी वेगळं. त्याची उपयोगी आणि विषारी पातळी यांत अंतर फार कमी, म्हणून ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी, यांतलं कोणतंही आलं की पातळी वर जाऊ शकते. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं तरी तेच. अकोल्या-चंद्रपुरातला मे महिना, दिवसभर उन्हातलं काम, त्यात निर्जळी एकादशी किंवा जुलाब-उलट्या: लिथियम घेणाऱ्यासाठी ही सगळी औषधासारखीच 'भेट' घडवणारी कारणं आहेत. हात जोरात थरथरणं, चाल अडखळणं, जीभ जड होणं, ही लिथियमची पातळी विषारी होत असल्याची सूचना.

हे सगळं वाचून कोणी आज रात्रीपासून गोळ्या बंद करायचं ठरवलं, तर मात्र आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं होईल. क्लोनाझेपामसारखी गोळी दीर्घकाळ घेऊन एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. पॅरोक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीन एकदम तोडलं तर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखी भावना येते, आणि रुग्णाला वाटतं आजार उलटला. फ्लुऑक्सेटीनचा मामला त्याच्या बरोबर विरुद्ध: ते थांबवल्यावरही आठवडेच्या आठवडे शरीरात रेंगाळतं, म्हणून त्यानंतर मोनोअमाइन ऑक्सिडेज अडवणारं औषध द्यायचं तर पाच आठवडे थांबायचा नियम आहे. 'गेल्या महिन्यातच बंद केली' ही माहितीसुद्धा म्हणूनच यादीत लिहावी लागते. शिवाय बरं वाटतंय म्हणून थांबवण्याची किंमतही मोजली गेली आहे. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या, आता बरं वाटणाऱ्या 478 जणांवर 'अँटलर' चाचणी झाली. वर्षभरात नैराश्य उलटलेले, गोळी चालू ठेवणाऱ्यांत 39 टक्के आणि हळूहळू थांबवणाऱ्यांत 56 टक्के. त्याची दुसरी बाजू अशी की थांबवणाऱ्यांपैकी 44 टक्क्यांचं नैराश्य वर्षभरात उलटलं नाही. कमी करणं शक्य असतं, पण एका वेळी एकच औषध, पायरी पायरीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि भारतात मोठं चित्र जास्त गोळ्यांचं नाहीच. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे 85 टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नसल्याचं दिसलं. एका टोकाला पिशवीभर गोळ्या आणि दुसऱ्या टोकाला एकही नाही. गोळ्यांच्या भीतीच्या गोष्टी सांगताना या दुसऱ्या टोकाचं भान सुटलं, तर भीतीच उपचाराच्या आड येते.

डॉक्टरांकडे जाताना पिशवीच घेऊन जायची, हा उपाय जगभरच्या वैद्यकात मान्य आहे. ॲलोपॅथीच्या स्ट्रिपा, आयुर्वेदाच्या पुड्या, जिमवाल्यानं दिलेला डबा, खोकल्याची बाटली, सगळं टेबलावर ओतायचं आणि प्रत्येकाकडे बोट दाखवून विचारायचं: ही कशासाठी, कधीपर्यंत, आणि हिचं बाकीच्यांशी जमतं का? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला आपल्या उपचारांची आणि त्यांच्या दुष्परिणामांची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे, तेव्हा असं विचारणं उद्धटपणा ठरत नाही. मनाबद्दल बोलायचं असेल आणि जवळ कोणी नसेल, तर 'टेली मानस'चा 14416 हा सरकारी क्रमांक मराठीतही बोलतो. आणि एखाद्या औषधानं किंवा जोडीनं त्रास झालाच, तर तो कळवायला डॉक्टर असण्याची अट नाही. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालणाऱ्या औषधदक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या क्रमांकावर रुग्ण स्वतः फोन करू शकतो, आणि रुग्णांसाठीचा त्यांचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे. कळवताना त्रास देणाऱ्या औषधाबरोबरच त्या वेळी चालू असलेल्या बाकीच्या औषधांची नावंही सांगायची.